काडी कोण तोडतंय, अण्णा?

अण्णा, तुला देवानं मारलं म्हणून गाव म्हणायलंय. पेत्रप्पा तर चर्चच्या पायरीवर हुबारून म्हणायलाय, "प्रभूच्या मेजापुढं, प्रभूचा पेला हातात धरून पडला. जन्मभर दुसऱ्याला तोडलेल्या काड्या म्हणला, प्रभूनं त्यालाच तोडला."

खोटं हाय. देवाचा ह्यात काय बी हात न्हाई. तुला मी मारलो.

येत्या ऐतवारी हे मला चर्चमध्ये हुबारून सांगायचंय. मार्थावैनीचा हुकूम हाय. तितं सांगायच्या आधी तुला सांगतो. मार खायची सवय मला तुझ्या हातची हाय, दुसऱ्याच्या हाताची भीती वाटती. मला लिवता येत न्हाई हे तुला ठावंच हाय. तू मला दोन दिस शाळेत घातला हुतास. तिसऱ्या दिशी मास्तर घरी आले अन् तुला म्हणले, शामू, ह्याला नगं पाठवू, ह्याच्यापायी शिकलेली पोरं बी इसरायलीत. म्हणून तुझी लेक रूत लिवून घ्यायलीय. तिला म्हणलो, शिव्या गाळून लिव. ती म्हणली, काका, मंग उरंल काय?

आपण दोघं एका आईचे. तू छाटणीच्या टोळीचा मुकादम अन् चर्चचा वडील, पाळकाच्या खालोखाल. मी टोळीतला सगळ्यात हळू गडी अन् चर्चचा कुणीच न्हाई. तुझ्या एका हातात द्राक्षाची कात्री, दुसऱ्या हातात शास्त्र. कुठल्या हातानं हाणलास हे मला कवा कवा कळायचं बी न्हाई.

सहा वर्षं झाली, तू मला प्रभुभोजनातनं काढलास, मेजावरचा पाव अन् रसाचा पेला मला बंद. चूक माझीच हुती. ईस्टरच्या सकाळी मी पिऊन आलो अन् पेटीवर ओकलो. वाजवणारा उठून पळाला, मंग मीच बसून दोन सूर वाजवलो. तू मेजापासनं चालत आलास, गडबड न करता. माझे केस धरलास, फरशीवरनं वढत दारापर्यंत नेलास अन् कानाखाली असा हाणलास की त्यो डावा कान आजबी शिट्टी मारतो. पाव्हणे आले की मी त्यांना ऐकवतो, बघा, माझ्या कानात रेल्वे हाय, बीदरहून कमलनगरला जायली.

अन् तितंच, दारात, माझ्या नाकातनं रगत गळायलं आसताना तू त्यो धडा सांगितलास. येशू म्हणतो, मी वेल हाय, तुम्ही फाटे, माझा बाप माळी. फळ न्हाई त्यो फाटा बाप तोडतो. फळ हाय त्याला साफ करतो, जास्त यावं म्हणून. तोडलेला वाळतो, वाळलेला इस्तवात जातो. एवढं सांगून तू माझ्याकडं बोट केलास. सगळे माझ्याकडं बघाया लागले, मी बी मागं वळून बघितलो कोण हाय म्हणून. माझ्या मागं भीत हुती.

तवापासनं माझी जागा दाराभाईर, चपलांजवळ. गाव म्हणायचं, योन्या चर्चच्या चपला राखतो. एकदा चोरी झाली तर माझीच गेली.

तुझा माझ्यावर राग हुता असं मी म्हणत न्हाई. तुला भीती हुती. आपला बाप पिऊन पिऊन रगत ओकून मेला, तुझ्या मांडीवर. मी तवा लहान हुतो, मला फकस्त तुझा लाल झालेला सदरा आठवतो. तुला वाटायचं, फळ दिसलं न्हाई तर ह्येचं बी तारण हुणार न्हाई, ह्यो बी बापाच्या मागं जाईल, हितं बी अन् तितं बी. म्हणून हाणायचास. मला हे समजायचं. पर समजलं म्हणून दुखायचं कमी हुत न्हाई.

ह्या एप्रिलात आपली जनवाड्याच्या पुढं छाटणी चालली हुती. ऊन असं की तारंला हात लावला तर कातडं चिकटायलं. बायका तोडलेल्या काड्यांचे भारे सरपणाला बांधायल्या. मी मोळीकडं बघितलो अन् मला एकदम उजेड पडला. मला उजेड पडला की नुस्कानच हुतं.

"अण्णा," मी म्हणलो, "ह्या काड्यांनी औंदा फळ दिलं का न्हाई?"

"दिलं की. दोन महिन्याखाली तूच घड तोडलास. अर्धे खाल्लास."

"मंग ह्येनला कामून तोडायलाव?"

"एप्रिलात सगळंच तोडायचं आसतं. एक डोळा ठिवायचा, कोंब फुटायचा. नवी काडी यावी म्हणून. सतरा वर्षं झाली, आज इचारायलास?"

"म्हणजे फळ दिलेली बी तोडली, न दिलेली बी तोडली. दोन्ही एकाच भाऱ्यात, एकाच चुलीत. मंग तुझ्या धड्यातला इस्तू कुणाचा?"

टोळी थांबली. बाया तोंडाला पदर लावून हसाया लागल्या. तू म्हणलास, "फळवाल्याला बाप साफ करतो. बिनफळाला तोडतो. दोन येगळी कामं हाईत."

"काडीला इचार की मंग. तिला फरक कळतो का? कात्री एकच, दुखणं एकच, पाणी बी सारखंच गळतंय."

"तोंड आवर, योन्या."

"आणिक एक सांगतो. माळी बाप हाय म्हणून तूच वाचतोस. मंग तू कोण? तू बी काडीच हाईस, माझ्यावानीच. काडीच्या हातात कात्री कुणी दिली?"

बांबू कवा उचललास ते मला दिसलंच न्हाई. पहिला खांद्यावर, दुसरा तोंडावर. माझा सुळा मातीत पडला. मी हातातली कात्री फेकलो. नेम धरून फेकलो, खोटं कामून बोलू. ती तुझ्या कानाची पाळी कापून तारंवर आपटली. तू माझ्या उरावर बसलास, मी तुझ्या मनगटाला चावलो. एक दात कमी हुता म्हणून नीट चावता बी येईना. मालकाचा रखवालदार आला अन् बादलीभर पाणी फेकला दोघांवर, कुत्री सोडवत्यात तसं.

दुपारी तूच भाकरी सोडलास. तुझ्या मानंवर रगत वाळलेलं, माझं तोंड सुजून कलिंगड. तू माझी भाकरी कुस्करलास, ताकात भिजवलास, ठेचा न घालता माझ्यापुढं सरकवलास. "गिळ." एवढंच म्हणलास. आईच्या मागारी मला कुणी भाकरी कुस्करून दिली आसंल तर त्या दिशी, दात पाडणाऱ्यानंच.

जूनात मालकानं तपासणीला एक शिकलेली पोरगी आणली. ती काड्यांवरचे डोळे कापून घेऊन सावलीत बसली. पातीनं डोळा चिरायची अन् भिंगाखाली ठिवायची. मला म्हणली, काका बघा. मी एक डोळा झाकून बघितलो. आधी चुकीचा डोळा झाकलो, काय बी दिसंना. मंग दिसलं. त्या मोहरीएवढ्या डोळ्याच्या आत इवला घड हुता. दिवाळीनंतर भाईर येणारा घड जूनातच आत तयार! वरनं बघितलं तर नुसती हिरवी काडी, फळाचं नाव न्हाई.

"ताई, ह्यो डोळा आता फुटंल का?"

"नाही हो काका. चिरला की मेला."

मी पळत तुझ्याकडं आलो. "अण्णा, फळ हाय का न्हाई बघायचं तर डोळा चिरावा लागतो. चिरला की फळ ऱ्हात न्हाई. तू मला सहा वर्षं चिरून बघायलास. जरा बिनचिरता बघ की."

मी दोन पावलं मागं सरकून बोललो हुतो, पळायची तयारी ठिवून. पर तू बांबूकडं बघितला बी न्हाईस. कानाची अर्धी पाळी चोळत हुबारलास. "योन्या," म्हणलास, "ह्याचं उत्तर देतो तुला. थांब जरा."

मी थांबलोच हुतो, अण्णा.

आता पेस्ट. ऑक्टोबरची छाटणी झाली की डोळे एकदम फुटावं म्हणून त्यांना औषध लावावं लागतं. त्यो लाल काला हातावर पडला तर कातडं जाळतो. अन् त्येचा एक कायदा हाय, तूच टोळीला शिकवलेला: पेस्ट लावली की आठ दिस दारूचा थेंब न्हाई. ती अंगात मुरती अन् दारूला भेटली की माणूस आडवा.

कायदा खरा हाय हे टोळीला माझ्यामुळंच कळलं. दोन सालाखाली मी तिसऱ्याच दिशी पिलो. तोंड भाजल्यावानी लाल झालं, काळीज ढोल वाजवाया लागलं, मी खताच्या खड्ड्यात पडलो. तू मला पाठीवर घेतलास अन् बागंतनं रस्त्यापर्यंत पळालास. "गळा धर, कडू! सोडलास तर हितंच फेकून देतो!" मी तुझ्या पाठीवर ओकलो. फेकला न्हाईस. मी उठून बसाया लागलो तवा चौथ्या दिशी मला हाणलास, चार दिस राग डब्यात झाकून ठिवल्यावानी.

म्हणून औंदा मी श्याना झालो. आठ दिस प्यायचं न्हाई. पर नवव्या दिसाची सोय करायला काय हरकत? एका मडक्यात बेदाणे, गूळ अन् पाणी घालून चुलीमागं पुरलो. बुडबुडे यायले हुते. मी रोज कान लावून ऐकायचो, चांगल्या कानानं.

प्रभुभोजनाचा रस बी माझ्याकडंच हुता. मला पेल्याला हात लावायची बंदी, पर रस करायचं काम माझं. तू म्हणायचास, राबला तरी मनात उजेड पडंल. शुक्रवारी वैनीनं बेदाण्याची पुडी दिली. शनवारी भिजवायचे, उकळायचे, ऐतवारी गाळून आणायचे. मी शनवारी देवळाच्या पारावर पत्ते खेळायला बसलो. पुडी खिशात. एकेक करत मी सगळे बेदाणे खाऊन टाकलो. कळलंच न्हाई. पत्त्यात बी हारलो.

ऐतवारी सकाळी तू दारात. "रस झाला का रं?"

मागल्या महिन्यात रस पातळ झाला म्हणून तू बांबू घेतला हुतास. माझी बरगडी अजून बसली नव्हती. मी म्हणलो, "झाला की. गाळायलोय."

अन् चुलीमागचं मडकं उकरलो. धोतराच्या फडक्यानं गाळलो, साखर घातलो, तांब्या भरलो. मला वाटलं, घोटघोटभरच पित्यात, कुणाला काय हुतंय. देवाशप्पथ अण्णा, तुझ्या हातावरची पेस्ट माझ्या ध्यानातच आली न्हाई. तू दारू पीत न्हाईस. त्यो कायदा तुला लागायचाच न्हाई. माझ्या डोक्यात फकस्त बांबू हुता.

त्या दिशी अर्धं चर्च ऊसतोडीला गेलेलं. रस चाळीस माणसाचा, आली नऊ. पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागितला, पेला फिरला. म्हाताऱ्या पौलाबाईनं ओठ चाटले, आणिक एक घोट मागितला. तवाच मला घाम फुटला. तांब्या अर्ध्याहून जास्त भरलेलाच. अन् आपल्याकडं आशीर्वादाचं सांडत न्हाईत, वडिलानं संपवायचं. पंधरा वर्षं तूच संपवतोस.

तू सगळ्यांच्या शेवटी पिलास. पहिला घोट घेतलास अन् थांबलास.

तुला कळलं. बापाच्या तोंडाचा वास लहानपणी रोज घेतलेला माणूस, त्याला न कळायला काय झालं. तू मान वळवलास, दाराकडं, चपलांकडं, माझ्याकडं. मी चपलांत चप्पल झालो हुतो. तुझे हात मला तितनं दिसायले, नखांत पेस्टचा लाल रंग.

तू तांब्या उचललास, डोळे मिटलास अन् सगळा पिलास. गटागटा न्हाई. सावकास, शेवटचा थेंब येईपर्यंत.

पुढचं सांगवत न्हाई. मान लाल झाली, मंग तोंड, मंग डोळ्यांचं पांढरं. तू सदऱ्याची गुंडी तोडलास. मेज धरलास, मेजासकट पडलास. ओकलास, टाचा घासलास, फरशीवर तुझं डोकं आपटायलं हुतं अन् वैनी ते मांडीवर घ्यायला बघायली हुती, तिच्या बोटांत तुझे दात रुतले. पेत्रप्पानं भीतीला पाठ लावली अन् वरडला, "लायकी नसताना पिला! लायकी नसताना पिला!" त्याच्या पोराला बी तू मेजावरनं काढला हुतास. त्यो दिस त्यानं जपून ठिवला हुता.

जीपात मी तुझे पाय धरून बसलो. बीदरला डॉक्टरीण बाईंनी एकच गोष्ट दोनदा इचारली. "यांनी दारू घेतली होती का?"

वैनी फणकारली. "ओ बाई, माझा नवरा चर्चचा वडील हाय. जन्मात शिवला न्हाई."

बाईंनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही सांगा. दारू? शेतातलं काही औषध?"

अण्णा, जन्मभर मी तोंड नको तितं उघडलो. त्याच्यापायी शाळा गेली, दात गेला, मेज गेलं. अन् जितं उघडायचं हुतं तितं मला वैनीची भीती वाटली. पाच पावलांवरच्या वैनीची. मी म्हणलो, "न्हाई."

सांगितलो असतो तर वाचला असतास का, ठावं न्हाई. ती बाई काय तरी येगळं केली असती का, ते बी ठावं न्हाई. मी इचारायला गेलो न्हाई अन् जाणार बी न्हाई. व्हय म्हणली तर?

दिवे लागायच्या वक्ताला तू गेलास.

पेत्रप्पानं तुला सगळ्यांच्या ओळीत जागा दिऊ दिली न्हाई. कोपऱ्यात पुरलाव, बोराटीच्या काट्यात. पाळकसाहेब नवे हाईत, तरणे, भांडण झेपत न्हाई त्यांना. त्यांनी हळू आवाजात प्रार्थना म्हणली अन् निघाले. मी ते सगळं गिळलो. तीन आठवडे गिळलो. पीत बी नव्हतो.

मंग वैनीचं सुरू झालं. परवा सकाळी मी गेलो तर घरात कुऱ्हाडीचे घाव ऐकू यायले. तुझी कपड्याची पेटी तिनं उभी फोडली हुती. सदरे फाडून खिसे उलटे केलेले. बाटली दिसंल ती हुंगायली, तेलाची, खोकल्याच्या औषधाची बी. कपाळ भीतीवर आपटून फुटलेलं.

"सांग!" माझ्याकडं कुऱ्हाड करून म्हणली. "तू त्याचा भाऊ हाईस. काय लपवला हुता त्यानं? बाई हुती का? देव उगं मारत न्हाई. एकोणतीस वर्षं मी कुणाजवळ निजले, सांग!"

रूत कोपऱ्यात हुती, तोंडात पदर कोंबून.

अण्णा, तू मेलास ते एक. पर तिच्यातनं तू आता मरायला हुतास, तुकडा तुकडा, अन् मी हुबारून बघायलो. मी सगळं सांगितलो. मडकं, बेदाणे, पत्ते, दवाखाना. पत्त्यात हारलो ते बी सांगितलो, का ते ठावं न्हाई.

तिनं कुऱ्हाड उलटी धरली अन् दांड्यानं हाणली. गुडघ्यावर, मंग पाठीत, मंग जितं लागंल तितं. मी हात वर केलो न्हाई. रूत मधी पडली न्हाई. दम लागला तवा वैनी थांबली.

"त्याला कळलं हुतं का?"

"व्हय. पहिल्याच घोटाला."

"तरी पिला?"

"माझ्याकडं बघितला. अन् पिला."

ती खाली बसली, फाटलेल्या सदऱ्यांत. एका सदऱ्याचा उलटा खिसा आत सारली. मंग म्हणली, "ऐतवारी हे सगळ्यांपुढं सांगायचं. एक शब्द कमी सांगितलास तर जीभ कापते. बोथट कात्रीनं."

आता मला एकच सांग. पेस्ट तुझ्या ध्यानात हुती का? तू मुकादम, कायदा तुझा. माझ्यावानी तूबी इसरलास का? का आशीर्वादाचं सांडायचं न्हाई म्हणून पिलास? का तांब्या खाली ठिवला असतास तर चर्चनं इचारलं असतं, रस कुणी केला, अन् माझी हाडं मोडली असती म्हणून? जूनातलं उत्तर द्यायचं ऱ्हायलं हुतं. हेच उत्तर आसंल तर अण्णा, मला नगं. परत घे. चार बांबू हाण, दोन दात काढ अन् परत घे.

हे पुढलं ऐतवार झाल्यावर लिवून घ्यायलोय. हळू बोलायलोय, ओठ फाटलाय.

मी मेजाजवळ हुबारलो. सहा वर्षांनी दाराच्या आत आलो, चप्पल बी काढायची इसरलो. सगळं सांगितलो, एक शब्द कमी न्हाई. लोक आधी हसले, त्यांना वाटलं योन्याची थट्टा हाय. मंग कुणी हसंना.

पहिला पेत्रप्पाच आला. काठीनं तोंडावर. मंग दोघं तिघं. मी पडलो तवा पौलाबाईनं बी एक लाथ हाणली, तिला पायाचं दुखणं हाय तरी. पेत्रप्पा वरडायला, "ह्याला तोडा! हा वाळलेला हाय! भाईर फेका!"

मी फरशीवरनंच म्हणलो, "फेका की. पर माळी कोण हाय ते आधी ठरवा." त्याला आणिक एक काठी पडली. वेलाचा धडा मला कवाच फुकट पडला न्हाई.

तवा वैनी उठली. "सरका," म्हणली. "पहिला हक्क माझा हाय."

लोक सरकले. तिनं मला गळपट धरून बसवली अन् दोन्ही गालांवर हाणली. मंग पेत्रप्पापुढं जाऊन हुबारली, एवढ्या जवळ की त्याची काठी खाली गेली.

"आता म्हण. माझ्या नवऱ्याला कुणी मारलं?"

"मार्थाबाई, तसं न्हाई..."

"कुणी मारलं?"

"योन्यानं."

"मोठ्यानं म्हण. पायरीवर म्हणायचास तसं."

"योन्यानं!"

"देवानं?"

"न्हाई."

ती एकेकाकडं गेली, बाकड्या बाकड्यानं, अन् त्यांच्याकडनं म्हणवून घेतली. योन्यानं. योन्यानं. पाळकसाहेबांनी बी म्हणलं, खाली बघून. एवढ्या तोंडांनी माझं नाव चर्चमध्ये कवाच घेतलं नव्हतं. बाप्तिस्म्याला बी न्हाई, तवा मी लई रडत हुतो म्हणून अर्ध्यातनं भाईर नेला हुता मला. अन् प्रत्येक नावागणिक तू थोडा थोडा सुटत हुतास. मला दिसायलं ते. तोंडातनं रगत यायलं हुतं अन् मला आत हलकं वाटायलं, ह्याची लाज वाटायली.

पोलिसात जायचं का, ते वैनी ठरवणार हाय. मी तयार हाय म्हणून सांगितलो.

आता ती रोज सकाळी तुझ्याकडं येती. बोराटी तोडली तिनं, हात सोलून निघाले. ताठ मानंनं येती अन् ताठ मानंनं जाती, पेत्रप्पाच्या दारावरनंच. मी बी येतो. लांब हुबारतो, बाभळीपाशी. मला बघितली की दगड उचलती. नेम चांगला हाय तिचा, तुझ्यापेक्षा चांगला. दोन पाठीवर बसले, एक डोक्यात, रूतनं हळद भरली. रूत ऐतवारपासनं मला बोलत न्हाई, लिवती फकस्त. आज सकाळचं ऐकून मातर बोलली.

आज वैनीनं उचललेला दगड मोठा हुता. मी डोळे मिटलो. दगड माझ्या कानाजवळनं गेला अन् मागं मातीत पडला. घरी येऊन मी रूतला म्हणलो, तुझ्या आईनं आज मुद्दाम चुकवला बघ.

ती म्हणली, "न्हाई काका. आईला मोतीबिंदू हुयलाय. लांबचं दिसत न्हाई तिला."

उद्या दोन पावलं जवळ जाऊन हुबारतो.